ऑर्डर वायरवरचं मराठी

१

बंगळुरातल्या पीण्या भागातल्या त्या कारखान्यातली टेस्ट रूम म्हणजे भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायची जागा. बाहेर लेथची घरघर, प्रेसचे दणके, टपरीवरचा कन्नड रेडिओ, आणि आत नुसती एसीची घों घों. श्यामला रोज सकाळी मल्लेश्वरमहून बस बदलत यायची, दाराबाहेर चपला काढायची, रबरी सपाता चढवायची, स्वेटरची बटणं लावायची आणि यंत्रांच्या रॅकसमोर बसायची. निपाणीच्या पोरीनं इंजिनिअर व्हायचं, बंगळुरात यायचं आणि काकडत बसून उजेड मोजायचा, असंच नशिबात होतं म्हणायचं.

उजेड मोजणं म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल. केसाएवढ्या काचेच्या तारेतून उजेड लांब पाठवायचा म्हटलं की तो वाटेत मंदावतो. म्हणून ठिकठिकाणी अ‍ॅम्प्लिफायर बसवायचे. आलेला उजेड किती वाढवायचा तो आकडा म्हणजे गेन. आणि उजेड फार कमी झाला किंवा पार गेलाच, तर यंत्रानं बोंब कधी मारायची ते ठरवायचं, तो अलार्म. हे दोन्ही नीट बसवणं हे श्यामलाचं काम. साल अठ्ठ्याण्णव. आपल्याकडे हे प्रकरण तेव्हा नवं होतं, आणि कारखान्याला चाचणीसाठी तारांची एक रिकामी जोडी मिळाली होती. तिचं एक टोक या खोलीत आणि दुसरं टोक तुमकूरच्या पुढं, शिरा गावाच्या अलीकडे, माळावरच्या एका छोट्या हटमध्ये, म्हणजे यंत्रांच्या खोपटात.

त्या टोकाला असायचा वासुदेव. तोही निपाणीकडचाच, चामराजपेटेत बिऱ्हाड करून राहिलेला, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. त्याची बायको महानंदा श्यामलाला दर रविवारी जेवायला बोलवायची. सध्या तिचेच दिवस भरत आले होते, तरी रविवार चुकत नव्हता. वासुदेव जीपनं सकाळी निघायचा, शिवाप्पा नावाचा ड्रायव्हर सोबत. हटमध्ये पोचला की ऑर्डर वायर वाजायची. ऑर्डर वायर म्हणजे रॅकमध्येच बसवलेला फोन, त्या तारेवरून फक्त या दोन टोकांना बोलता येईल असा.

"काय गं श्यामे, नाष्टा झाला काय?"

"झाला अण्णा. तुझा?"

"पोळी-भाजी दिलीय तुझ्या वैनीनं. तुझ्यासारखं हॉटेलातलं पोंगल गिळायचं नशीब नाही आमचं."

सगळ्या दिवसात मराठी बोलायला मिळायचं ते इथंच. बाकी खोलीत इंग्रजी, कँटीनमध्ये कन्नड, बसमध्ये जे जमेल ते. त्या फोनवर मात्र दोघं मोकळी सुटायची.

आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. टेस्ट विभागाचे मुख्य भीमाचार्य यांनी एक नियम घालून दिला होता. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. तार कुठं काढली किंवा तुटली तर यंत्र आपणहून उजेड बंद करतं. पण चाचणीसाठी ती सोय काढून उजेड जबरदस्तीनं चालू ठेवावा लागतो, आणि नेमका तेव्हाच पलीकडचा माणूस तारेचं टोक पुसून मायक्रोस्कोपखाली बघत असला, तर त्याचा डोळा गेला म्हणून समजा. म्हणून आधी इंग्रजीत स्टेशनचं नाव सांगायचं, मग स्वतःचं, मग टोकाला टोपण लावलंय असं म्हणायचं, आणि समोरच्यानं ते सगळं जसंच्या तसं परत म्हणायचं. ही पोपटपंची दोघांनी आठवडाभर केली. मग वासुदेव म्हणाला, "अगं, मराठीत बोलणारा ह्या तारेवर दुसरा कोण येणाराय? मी टोपण लावलं म्हणालो म्हणजे लावलं." तिलाही ते पटलं.

२

त्या दिवशी अलार्म तपासायचा होता. वासुदेवनं तिकडची तार काढायची, इकडं आत येणाऱ्या उजेडाचा आकडा तळाला जायचा, लाल दिवा लागायचा आणि बझर केकाटायचा. शाळेतल्या पोरालाही जमेल असं काम.

"काढली बघ," वासुदेव म्हणाला.

आकडा खाली आला. पण तळाला गेला नाही. तळापासून जरा वरच थांबला आणि तिथंच बारीक हलत राहिला. बझर गप्प.

"अण्णा, नीट काढलीस काय?"

"माझ्या हातात हाय ती. टोपण पण घातलं."

श्यामलानं विचार केला. आपल्या बाजूचं टोक मळलं असेल. तिनं ते काढलं, पुसलं, परत लावलं. आकडा तसाच. मग तिनं ते काढूनच टाकलं आणि यंत्राच्या तोंडावर टोपण बसवलं. आता यंत्राला कुठूनही काही येत नव्हतं. तरी आकडा होता तिथंच, हलत. मोजणाऱ्या कार्डातच खोट असणार, दुसरं काय! तिनं कपाटातून नवं कार्ड काढून घातलं. आकडा तोच.

मग तिनं वेगळं काही करून पाहिलं. अलार्मची पातळी स्वतः वर सरकवली, त्या आकड्याच्याही वर. आता तरी बझर वाजायलाच हवा होता. एन्टर दाबलं. आकडा हळूच वर आला आणि नव्या पातळीच्या केसभर वर जाऊन थांबला.

तिनं पातळी आणखी वाढवली. तो आणखी वर आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिनं कीबोर्डवरून हात काढून घेतले. कार्डं दोन्ही एकाच खोक्यातली होती, दोन्हीत तोच दोष असू शकतो, असं तिनं स्वतःला बजावलं. पण दोषाला पातळी कुठं आहे ते कसं कळतं, याचं उत्तर तिला सुचेना.

"श्यामे, मेलीस काय?" वासुदेवचा आवाज आला.

"थांब जरा अण्णा," ती म्हणाली.

३

भीमाचार्य आले. कपाळावर अंगारा, खिशात तीन रंगांची पेनं, हातात कॉफीचा स्टीलचा लोटा. तिच्याशी ते इंग्रजीत बोलायचे आणि मधेमधे कन्नडवर घसरायचे.

"काय झालं अम्मा?"

तिनं सगळं सांगितलं. त्यांनी दोन्हीकडची टोकं परत लावून घेतली, खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "काढायला सांग."

वासुदेवनं तार काढली. आकडा धाडकन तळाला गेला, लाल दिवा लागला, बझर असा केकाटला की कँटीनमधला माणूस डोकावून गेला. भीमाचार्यांनी पातळी वर केली, खाली केली. यंत्र अगदी गुणी बाळासारखं वागत होतं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "यंत्राला काही झालेलं नाही. स्वल्प झोप घे बाई. शुक्रवारी बाहेरची माणसं बघायला यायची आहेत, त्यांच्यापुढं असलं काही बोलू नकोस."

तिला अशी लाज वाटली की काय सांगू. बरं, आपणच काहीतरी चुकीचं वाचलं असेल, म्हणून तिनं विषय संपवला. भीमाचार्य दाराबाहेर पडून पायात चपला घालत होते, तेवढ्यात तिची नजर पडद्यावर गेली. लाल दिवा विझला होता. आकडा पातळीच्या केसभर वर येऊन थांबला होता. तिनं त्यांना हाक मारली नाही. मारून काय सांगणार होती?

४

गुरुवारी ऑर्डर वायर लवकरच वाजली. श्यामलाच्या स्वेटरची बटणंही लागली नव्हती.

"काय गं श्यामे, नाष्टा झाला काय?"

"एवढ्या लवकर कसा रे पोचलास?"

"पोचलो."

आवाज वासुदेवचा, तीच खर्जातली ओढ. पण काहीतरी कमी होतं. हटमध्ये एक जुना पंखा होता, तो खडखड करायचा आणि त्या खडखडीतूनच वासुदेव बोलायचा. आज ती नव्हती. पाठीमागं काहीच नव्हतं. खोली नसलेल्या जागेतून बोलल्यागत वाटत होतं.

"पंखा बंद पडला काय?"

"बंद हाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "टोपण लावलंय. उजेड जबरदस्तीनं चालू कर. गेन सगळा चढव."

"सगळा? आज तर अलार्मचंच काम होतं ना?"

"सगळा चढव की गं."

खरं म्हणजे इथं तिनं ती पोपटपंची करायला हवी होती. स्टेशन, नाव, टोपण, परत म्हणा. पण घरच्या माणसाला कुणी असलं विचारतं का? तिनं आपणहून बंद होण्याची सोय काढली, उजेड चालू केला आणि गेन वर नेला. रॅकचे पंखे जोरात फिरायला लागले.

"आणखी," आवाज म्हणाला.

"एवढाच आहे अण्णा. संपला."

"बरं."

मग गप्प. तो नुसता श्वास घेत असावा तसं वाटलं, पण नीट ऐकलं तर श्वासही नव्हता. ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, "वैनी बरी आहे ना?"

"पोळी-भाजी दिलीय तुझ्या वैनीनं," तो म्हणाला. "तुझ्यासारखं हॉटेलातलं पोंगल गिळायचं नशीब नाही आमचं."

शब्द तेच, त्याच चालीत, शेवटच्या हसण्यासकट. श्यामला हसली नाही. तिची नजर पडद्यावर खिळली होती. आवाज बोलायला लागला की आत येणाऱ्या उजेडाचा आकडा वर जायचा, थांबला की खाली यायचा. ऑर्डर वायरची वाट वेगळी, या आकड्याची वेगळी. एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता.

"अण्णा, मी थांबू का? जरा चहा..."

"बोल की," आवाज म्हणाला. "तू बोललीस की बरं वाटतंय. बोल."

५

तेवढ्यात खोलीतला बाहेरचा फोन वाजला, तो टेबलावरचा काळा. तिनं डाव्या हातानं उचलला. उजव्या हातात ऑर्डर वायर तशीच होती.

"श्यामे, मी बोलतोय," वासुदेव म्हणाला. त्याच्या मागं बसचे हॉर्न, कंडक्टरच्या आरोळ्या, कुणाचं तरी पोर रडतंय. "तुमकूरच्या स्टँडवरच्या बूथातनं. जीपचा बेल्ट तुटला बघ. शिवाप्पा आणायला गेलाय. पोचायला उशीर होणार."

तिनं उजव्या हातातल्या रिसीव्हरकडं पाहिलं. तो तिनं कानापासून लांब धरला होता, तरी आतला आवाज ऐकू येत होता. हळू, समजूत घालावी तसा. "बोल की गं. बोल."

तिनं तो टेबलावर पालथा ठेवला.

"अण्णा, तू आत्ता हटमध्ये नाहीस?"

"अगं बाई, सांगतोय काय मी मघापासनं!"

"मग माझ्याशी कोण बोलतंय? तुझ्या आवाजात बोलतंय. मराठीत."

"आमच्या आवाजात? बघ बाई, आमची कीर्ती कुठवर गेली ती. कुणीतरी चेष्टा करायलंय तुझी. कारखान्यातलाच असेल कोणतरी टवाळ."

"कारखान्यात कुणाला येतं मराठी? अण्णा, ऐक माझं, तू तिकडं जाऊ नकोस. मी त्याचं ऐकून उजेड चालू केलाय. पुरा."

आता मात्र वासुदेव गंभीर झाला.

"बंद कर तो," तो म्हणाला.

"करते. पण तू जाऊ नकोस."

"उद्या माणसं येणार, आज टोक पुसून ठेवलं नाही तर आचार्य मला सोलतील. भिऊ नकोस गं. हे बघ, मी पोचलो की वायरवर तुला विचारतो. बंद आहे म्हणून तुझ्या तोंडानं ऐकल्याशिवाय टोपणाला हात लावत नाही. मग तर झालं? पोराचं तोंड बघायचंय मला अजून."

ती काही म्हणणार तोच बूथची लाइन कट झाली. तिनं तो काळा फोन खाली ठेवून वाट पाहिली, पण तो परत वाजला नाही.

६

तिनं उजेड बंद केला. पडद्यावर 'बंद' आलं. गेन खाली आणला. तो आपणहून परत वर चढला. खाली आणला, परत चढला. मग तिनं मागचापुढचा विचार केला नाही. रॅकच्या मागं जाऊन खोलीचाच मेन स्विच खाली ओढला. पंखे घरघरत थांबले, सगळे दिवे गेले, पडदा काळा झाला. टेबलावरच्या पालथ्या रिसीव्हरमधला आवाजही गेला.

हुश्श म्हणून ती जमिनीवरच बसली. मग उठली आणि भीमाचार्यांकडं धावत गेली. तिचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांना ते पटलं असेल असं नाही, पण एक त्यांना चांगलं कळत होतं.

"रॅकच बंद आहे ना? मग तारेत उजेड नाही. उजेड नाही तर डोळ्याला काय होणार? आणि ऑर्डर वायरही बंद. वासुदेवला तुझं उत्तर मिळणार नाही म्हणजे तो टोपण काढणारच नाही. शहाणा मुलगा आहे तो. तू कॉफी घे अम्मा."

बिनतोड होतं अगदी. तिनं कॉफीही घेतली. तरी ती सारखी घड्याळाकडं बघत होती. दुपार कलली, वासुदेव पोचायची वेळ झाली, तशी ती परत टेस्ट रूममध्ये आली. एसी बंद झाल्यानं खोली कोंदली होती. ती खुर्चीत बसली आणि मेलेल्या रॅककडं बघत राहिली.

ऑर्डर वायर वाजली.

स्विच खालीच होता. तिनं मागं जाऊन हातानं चाचपून पाहिलं. खालीच. घंटी वाजतच होती. तिनं रिसीव्हर उचलून कानाला लावला.

आधी कुलूप उघडल्याचा आवाज. मग पंख्याची खडखड. जीवात जीव आला तिच्या, आणि लगेच गेलाही. हट खरीच होती, वासुदेव खरा होता, पण हे ऐकू कसं येत होतं?

"हॅलो, श्यामे?" वासुदेव म्हणाला. "पोचलो बघ."

"अण्णा!" ती ओरडली. "अण्णा, बाहेर जा!"

"आलास काय अण्णा?" तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं. "किती रे उशीर."

श्यामलानं रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट दाबला.

"बेल्ट मिळता मिळता वेळ गेला," वासुदेव म्हणाला. "काय झालं त्या टवाळाचं? सापडला?"

"सापडला," तिचा आवाज म्हणाला, आणि हसला. तिच्यासारखाच, नाकातून. "तू काढ की टोपण. बंद आहे सगळं."

"नक्की गं?"

"नाही!" श्यामलानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. "मी नाही ती! अण्णा, ऐक, अण्णा!" तिचा घसा फाटायला आला. पलीकडं तिचं काहीच पोचत नव्हतं.

"माझ्या तोंडानं सांगते ना," तो आवाज म्हणाला. "बंद आहे. बघ खुशाल."

"बरं," वासुदेव म्हणाला.

पुसायच्या कापडाची सरसर ऐकू आली. मायक्रोस्कोप टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग बराच वेळ नुसता पंखा. आणि मग वासुदेव अगदी हळू म्हणाला, "अरेच्चा. श्यामे, हे काय गं?"

"नीट बघ," तिचा आवाज म्हणाला.

ओरडा ऐकून भीमाचार्य धावत आले. त्यांनी तिच्या हातातून रिसीव्हर ओढून कानाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि तिच्याकडं पाहिलं.

"हा बंद आहे, अम्मा," ते म्हणाले.

७

दिवेलागणीला वासुदेवला बंगळुरात आणलं. मल्लेश्वरममधलं डोळ्यांचं छोटं इस्पितळ होतं. भीमाचार्य डॉक्टरांकडं आत बसले होते, आणि शिवाप्पा बाहेर पायरीवर डोकं धरून बसला होता.

"जीप धुवून आत गेलो तर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेले," त्यानं श्यामलाला आपल्या कन्नडमध्ये सांगितलं. "हाक मारली, हलेनात. ओढलं तर झोंबायला लागले माझ्याशी. आणि सारखं बोलत होते अक्का. तुमच्या भाषेत. कुणाशी, देव जाणे. हातात फोनसुद्धा नव्हता."

भीमाचार्य बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता. डोळ्यांना काहीही इजा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. दोन्ही डोळे ठणठणीत. पण तो ते मिटत नव्हता, दुपारपासून पापणी लवली नव्हती, म्हणून औषध घालून उद्यापर्यंत पट्टी बांधून ठेवली होती. पट्टी काही झालं तरी काढू द्यायची नाही.

"बघ, मी म्हणालो होतो," भीमाचार्य म्हणाले. "उजेड नव्हताच."

श्यामला आत गेली. लांबलचक व्हरांड्यात रेक्झिनचं एक बाकडं होतं, त्यावर मधोमध वासुदेव बसला होता, डोळ्यांवर पांढरी पट्टी. महानंदा पोट सावरत औषधाच्या खिडकीपाशी उभी होती. श्यामलाला तिच्याकडं बघवेना. आपल्यामुळं झालं हे सगळं, आपण एकदा इंग्रजीत नाव विचारलं असतं तर! ती गुपचूप येऊन वासुदेवच्या उजव्या हाताला बसली. नुसतं बसून राहावं, त्याला आराम पडू द्यावा, मग बोलावं, असं तिनं ठरवलं.

"किती बोलशील गं श्यामे," वासुदेव म्हणाला.

ती दचकली. तिनं तोंडही उघडलं नव्हतं.

"दुपारपासनं टकळी चालूच हाय तुझी," तो हसून म्हणाला. त्याचं तोंड तिच्याकडं नव्हतं. तो डावीकडं वळून बोलत होता. तिथं बाकडं रिकामं होतं. पण त्या रिकाम्या जागी रेक्झिन खाली दबलेलं होतं, कुणी बसल्यावर दबतं तसं. श्यामलानं ते पाहिलं आणि नजर उचलून त्याच्या वर काय आहे ते बघायची तिची छाती झाली नाही.

"आता काढू? डॉक्टर ओरडतील की," वासुदेव तिकडंच तोंड करून म्हणाला. मग ऐकत राहिला. मान हलवली. "तू म्हणतीस तर काढतो. मघाशी पुरतं दिसलंच नाही."

त्याचा हात पट्टीच्या गाठीकडं गेला. श्यामलानं झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"अण्णा, मी इकडं आहे! मी श्यामला. तिचं ऐकू नको अण्णा, ती मी नाही. वैनी! वैनी, इकडं या हो!"

वासुदेव थबकला. त्यानं मान जराशी तिच्याकडं वळवली, बराच वेळ कान दिला. मग परत डावीकडं वळला.

"श्यामे, ही कोण गं?" त्यानं हळूच विचारलं. "हुबेहूब तुझ्यागत बोलतीय."

महानंदा हातातली औषधं टाकून धावत येत होती. वासुदेव पलीकडचं उत्तर ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मग परक्या बाईशी बोलावं तसं, सभ्यपणानं, तो श्यामलाला म्हणाला, "अहो बाई, हात सोडा. बघू द्या मला."